सरकलेला बोया

मित्रांनो, दोन बेटांमधील चिंचोळ्या सामुद्रधुनीत डोलणारे लाल लोखंडी पिंप तुम्ही पाहिले असेल. तोच मी, एक जुना बोया. पाण्याखाली दडलेल्या खडकाची खूण म्हणून मला तेथे साखळीने जखडण्यात आले. भरती आली की अवघा समुद्र या फटीतून आत घुसतो व ओहोटीला तितक्याच आवेशाने माघारी फिरतो. थोरल्या बेटाकडे पाणी खोल, धाकट्याकडे उथळ. म्हणून प्रवाशांची लाँच नेहमी माझ्या व थोरल्या बेटाच्या मधून जाई. "आपला लालू उभा आहे, मग काळजी कसली?" असे लाँच चालवणारा तांडेल म्हणे. ते ऐकून माझा ऊर भरून येई.

परंतु एका वादळात माझा नांगर फरफटला व मी धाकट्या बेटाकडे सरकलो. रंग तोच, डौल तोच. जागा मात्र खोटी! खडक आता माझ्या व थोरल्या बेटाच्या मधोमध, म्हणजे लाँचच्या वाटेवरच आला होता.

सकाळी लाँच दिसली आणि माझे काळीज गोठले. तिच्यात लेकुरवाळ्या बाया होत्या, शाळेची मुले होती. मला ना वाचा, ना हात. ती मलाच पाहून सरळ येत होती.

नाळेवर, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकावर, तांडेलाची थोरली बहीण टोपली घेऊन बसली होती.

"अरे, तो पाणकावळा बघ. भर समुद्रात उभा आहे!"

"पोहत असेल, ताई."

"पोहणाऱ्याचे पाय दिसतात का रे?"

"मग एखाद्या बांबूवर बसला असेल! तू टोपली सांभाळ, लाँच मी सांभाळतो. समोर लालू दिसतोय ना?"

"खड्ड्यात गेला तुझा लालू! आधी थांबव म्हणते ना!"

त्या आवाजापुढे तांडेलाचे कधीच काही चालले नसावे. त्याने इंजिन उलटे फिरवले. लाँच थरथरली, प्रवाहाने तशीच पुढे ओढली गेली आणि कशीबशी थांबली. पाणकावळा उडाला. लाट ओसरली तशी खडकाची काळी पाठ अगदी हाताशी उघडी पडली. तांडेल माझ्याकडे पाहत राहिला.

"लालू, अरे, तुझ्या भरवशावर..." एवढेच तो म्हणाला.

पुढे मला मूळ जागी आणले, नवा नांगर दिला, तांबडा रंग फासला. साखळी मात्र जुनीच ठेवली. तिची एक कडी झिजत चालली आहे, हे वरून कोणाला दिसणार?

मित्रांनो, माझ्या रंगावर भुलू नका. तुमच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगा की, एकदा पाण्याखाली उतरून माझी साखळी पाहा. वादळी वारा आज पुन्हा सुटला आहे. आणि उद्याही लाँच मलाच पाहून येणार आहे.