लोखंड बरं झालं, त्याची गोष्ट

काटा एकवीसवर गेला आणि हॉलमधल्या दोनशे लोकांनी एकदम टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका ताईंना रडू आवरेना.

"बारा, सतरा, एकवीस!" शक्तिदादा माइकमध्ये गरजले. "तीन आठवडे झाले. एक गोळी नाही, एक सुई नाही! मी नेहमी काय सांगतो? स्नायू कधी मरत नाहीत, ते..."

"रुसतात!" हॉल ओरडला.

ज्यांच्या मुठीने हा पराक्रम केला, ते गृहस्थ स्टेजवर लाजत उभे होते. बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत, कारण गेली तीस वर्षं ते दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करत होते. कुणाचा काटा किती ग्रॅम मारतो, हे ते दुकानाच्या पायरीवरूनच सांगतात अशी त्यांची ख्याती होती. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या हातातून चिमटा निसटायला लागला, आणि आता तोच माणूस शक्तिदादांच्या काट्याकडे भक्तिभावाने बघत होता.

यंत्र साधंच होतं. दोन दांड्या, मध्ये स्प्रिंग, समोर तबकडी. दांड्या मुठीत आवळल्या की ताकद किलोमध्ये दिसायची. पहिल्या आठवड्याला लाल यंत्र, दुसऱ्याला पिवळं, तिसऱ्याला हिरवं. "शक्ती वाढली की जुन्या यंत्राला ती पेलवत नाही," असा दादांचा खुलासा होता. लोकांनी तो गिळला. काटेवाल्यांनीही गिळला, त्यांच्या आजाराचा गिळण्यावर अजून परिणाम झालेला नव्हता.

"एकवीस!" घरात शिरताशिरता ते म्हणाले.

बायको भाजी चिरत होती. "छान झालं. मग आज शर्टाची बटणं तुमची तुम्हीच काढा."

काटेवाले कामाला लागले. गळ्याचं बटण अंगठ्यातून तीनदा सुटलं. चौथ्यांदा बोटं नुसतीच काजावरून फिरत राहिली. बायकोचा अख्खा दुधी चिरून झाला. मग तिने हात पुसले आणि बटणं काढून दिली.

"गुरुवारी दवाखान्याची तारीख आहे," ती म्हणाली.

"जायचं नाही. सुई टोचली की शक्ती गळते. दादांनी चाळीस दिवसांचं पथ्य सांगितलंय."

"आणि डॉक्टरबाईंनी काय सांगितलंय?"

ते त्यांना पाठच होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "बहुतेक एएलएस असावा, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होण्याचा आजार. पण मी आजच शिक्का मारणार नाही. हुबेहूब असेच दिसणारे एकदोन वेगळे आजार आहेत, आणि त्यांतल्या एकावर चांगला उपचार आहे. ते नाहीत ना, हे आधी बघायचं. सुयांची चाचणी पुन्हा करू, रक्त तपासू, श्वास मोजू. गुरुवार चुकवू नका, पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळेल."

या सगळ्यातलं काटेवाल्यांच्या डोक्यात फक्त 'बहुतेक' राहिलं होतं. तो शब्द रोज पहाटे त्यांच्याआधी जागा व्हायचा. शक्तिदादा कधीच बहुतेक म्हणत नसत.

"एक सांगा," बायको म्हणाली. "एखादा वाणी तुम्हाला म्हणाला असता, की काट्याकडे बघू नका, माझ्यावर विश्वास ठेवा, तर?"

"तर मी आधी त्याचाच काटा खोलला असता."

बोलून गेल्यावर काटेवाल्यांनी टेबलावरच्या दुधीच्या साली एका बाजूला लोटल्या.

"मला तो तपासायचा नाहीये गं," ते शेवटी म्हणाले.

"माहीत आहे. मलाही नकोय. तीन आठवडे मीही आकड्याची वाट बघतेच आहे ना." तिने डोळे पुसले, त्यांच्या अवजारांच्या कपाटातून पाच किलोचं तपासणीचं लोखंडी वजन काढलं आणि कापडी पिशवीत घातलं. "पण जाऊ या."

दुपारच्या सत्रात काटेवाल्यांना बघून शक्तिदादांची कळी खुलली. असा बोलका पुरावा दिवसातून दोनदा कुणाला मिळतो!

"दादा, तीनही यंत्रं जरा टेबलावर ठेवता का?" काटेवाले म्हणाले. "माझ्यासारखाच एक गरीब जीव आणलाय. त्याचीही ताकद मोजू." बायकोने लोखंड टेबलावर ठेवलं. हॉल हसला. दादाही हसले, दोनशे माणसांसमोर दुसरं काय करणार?

तिने लाल यंत्र टेबलावर ठेवलं, वरच्या दांडीवर वजन चढवलं आणि कलंडू नये म्हणून दोन बोटांनी नुसतं सावरलं. काटा पाचवर थांबला. पिवळ्यावर ठेवलं, साडेसात. हिरव्यावर ठेवलं, दहा.

मागच्या रांगा तबकडी बघायला उभ्या राहिल्या.

"लोखंडाची तब्येत झपाट्याने सुधारली," काटेवाले म्हणाले. "मला तीन आठवडे लागले, याचं पाच मिनिटांत झालं."

"निर्जीवातही शक्ती असते!" दादांनी माइक पकडला. "या हॉलमधली ऊर्जा त्या लोखंडानेसुद्धा घेतली! बघा, बघा!"

बायकोने तेच वजन पुन्हा लाल यंत्रावर ठेवलं. काटा पाचवर आला.

"अरे रे," ती म्हणाली. "परत आजारी पडलं."

मग काटेवाल्यांनी सांगितलं ते पोरालाही कळण्यासारखं होतं. तबकड्या तिन्हींच्या सारख्या, पण आतल्या स्प्रिंगा वेगळ्या. लाल यंत्राची घट्ट, पिवळ्याची मऊ, हिरव्याची आणखी मऊ. तेवढ्याच जोराने मऊ स्प्रिंग जास्त दबते आणि काटा जास्त फिरतो. हे सांगतासांगता त्यांनी मनातल्या मनात एकवीसचे निम्मे केले. साडेदहा. पहिल्या दिवशी बारा होते. ते मध्येच थांबले आणि खुर्चीवर बसले.

पहिल्या रांगेतल्या ताई उठल्या. त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत त्यांचा भाऊ होता. "तुमचं काय जात होतं हो? तीन आठवडे माझा भाऊ हसत होता!"

"माझ्या मुठीतलं दीड किलो गेलं, ताई," काटेवाले म्हणाले. "तीन आठवड्यांत. आणि मी टाळ्या घेत होतो." त्यांनी चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं. "भावाला हसू द्या. पण याच्यापायी दवाखान्याची एकही तारीख चुकवू नका."

शक्तिदादांनी यंत्रं गोळा केली आणि मागच्या दाराने निघाले. तेवढी शक्ती त्यांच्यात होती. निम्मा हॉल उठला. निम्मा तसाच बसून राहिला, दादा परत येतील म्हणून. ताई बसल्या नाहीत, गेल्याही नाहीत. भावाच्या खुर्चीच्या मुठी धरून त्या उभ्या होत्या.

गुरुवारी दवाखान्यात मूठ मोजायचं यंत्र समोर आलं, तेव्हा काटेवाल्यांनी विचारलं, "हे तपासलेलं आहे?"

"तुम्हीच तपासा की," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि यंत्र पुढे केलं. पिशवीत लोखंड होतंच. यंत्राने पाच म्हणजे पाच दाखवलं. मग काटेवाल्यांनी मूठ आवळली. दहा.

सुयांची चाचणी झाली, रक्त दिलं, फुंकर मारून श्वास मोजला. श्वास चांगला होता. हाताला आधाराची पट्टी मिळाली, व्यायामाची वेळ ठरली. आजाराचा वेग थोडा कमी करणाऱ्या गोळीबद्दल रिपोर्ट आल्यावर बोलायचं ठरलं.

"मग नक्की काय आहे मला?"

"बहुतेक एएलएसच. पण रक्ताचा रिपोर्ट यायचाय. आज याहून जास्त मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी सांगणार नाही."

काटेवाल्यांनी मान हलवली. आकडा वाईट होता, पण काटा खरा होता, आणि पुढचं काय ते खऱ्या काट्यावरच ठरवता येतं. ज्यांच्या घरात असा आजार आला असेल त्यांना एवढंच सांगणं आहे: आशा जरूर धरा, मात्र ती दाखवणाऱ्याकडे त्याचं यंत्र तपासायला मागा. जो देत नाही, त्याच्या हॉलमधून उठा.

चाचणीसाठी काढलेला शर्ट अंगावर अडकवून काटेवाले बाहेर आले. बाकावर बायको बसली होती. ती आजवर न विचारता बटणं लावायची आणि ते दुसरीकडे बघायचे. आज ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"लाव गं," ते म्हणाले. "मला जमत नाही आता."