चर्चबाहेरची बुटांची रांग

यशोधनकाकांच्या मते जगात बघण्यासारखं जे काही आहे ते इंग्लंडमध्ये आहे, आणि ते पडलेलं आहे.

शनिवारी सकाळपासून त्यांनी आम्हाला आधी एक पडका मठ दाखवला. चार भिंतींपैकी दीड शिल्लक. मग एक पडका किल्ला. भिंती नाहीतच, नुसतं टेकाड आणि वर मेंढ्या. प्रत्येक ठिकाणी काका डोळे मिटून "काय शांतता आहे बघा!" असं इतक्या मोठ्याने म्हणायचे की असेल नसेल ती शांतता उडून जायची.

"काका, इथे काय होतं?" मी टेकाडावर विचारलं.

"इतिहास होता हर्षा, इतिहास!"

"आणि आता?"

"आता तो जपलाय."

एका मेंढीने जपलेल्या इतिहासावर लेंड्या टाकल्या आणि आम्ही गाडीकडे परतलो.

काका पप्पांच्या ऑफिसातले. आइंडहोवनमध्ये चिप बनवायच्या मशीनवर दोघे एकत्र काम करतात. फार पूर्वी काकांनी इंग्लंडमध्ये वर्षभर एमएस्सी केली आणि मनाने ते तिथून अजून परत आलेलेच नाहीत. नेदरलँड्समधलं त्यांना काही आवडत नाही. माणसं फटकळ, जमीन सपाट, जेवण थंड. जेवणाचं मान्य. पण जे लोक वाटाण्याचा हिरवा लगदा माशाबरोबर खातात, त्यांची बाजू घेताना तरी माणसाने जेवणाचा विषय काढू नये.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण ही सहल माझ्याच जिवावर उठली होती. मुलीला घडवायचं तर इंग्लिश बोर्डिंग शाळेतच घालायला हवं, असं काकांनी पप्पांच्या डोक्यात भरवलं होतं. ती शाळा पुढच्याच गावाच्या टोकाला होती. दुपारी तिथे आमची अपॉइंटमेंट होती. पप्पांनी तिथे हो म्हटलं की सप्टेंबरपासून दोन वर्षं मी या मेंढ्यांची. मला आइंडहोवनमध्येच शाळा संपवायची होती आणि मग ग्रोनिंगनच्या विद्यापीठात कायदा शिकायचा होता. हे मी पप्पांना बोटीवर सांगितलं, गाडीत सांगितलं, मठात सांगितलं.

"बाबासाहेब लंडनला जाऊनच बॅरिस्टर झाले, बाळा."

"लंडनला, पप्पा. मेंढ्यांत नाही."

"एप्रिलमध्ये जयंतीला स्टेजवर चढली ना," आई म्हणाली, "तेव्हापासून या पोरीच्या तोंडाला ब्रेक नाही."

खरंच नाही. कागद न बघता मराठीत बोलले, आणि शेवटी अख्खा हॉल उभा राहिला. ब्रेक कशाला लावू?

तर हे गाव. एक रस्ता, एक पब, बंद पडलेलं पोस्ट ऑफिस आणि चर्च. फीट्ससाठी, म्हणजे सायकलींसाठी, वेगळी वाट सोडाच, चालायला फुटपाथ नाही. बस म्हणे मंगळवारी येते. आमच्या घराजवळचं आल्बर्ट हाइन सुपरमार्केट या गावापेक्षा मोठं वाटतं, आणि तिथे इतिहास नसला तरी कोथिंबीर मिळते.

"आठशे वर्षांचं आहे," काका चर्चच्या दारात कुजबुजले. छतातून पाणी ठिबकत होतं. तेही आठशे वर्षं ठिबकत असावं.

दाराबाहेरच्या ओसरीत बुटांची लांब रांग होती. बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे, सगळे जोडीने मांडलेले. आता दाराबाहेर बुटांची रांग दिसल्यावर मराठी माणूस काय करतो? आम्ही चौघांनीही बूट काढले आणि रांगेत नीट लावले. काकांनी तर उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला.

"बघितलंस? याला संस्कार म्हणतात," ते मला म्हणाले. "तुझे डच लोक काढतील का बूट?"

पप्पांनी आपले बूट भिंतीशी, पावसाचा थेंब लागणार नाही असे ठेवले. पप्पांचे बूट ही आमच्या घरातली गंभीर बाब आहे. तपकिरी, चामड्याचे. रोज सकाळी ते स्वतः पॉलिश करतात आणि त्यावरून केलेली थट्टा त्यांना चालत नाही. त्यांच्या आजोबांना गावातल्या वरच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. हे पप्पा मला एकदाच बोललेत.

आत एक दगडी सरदार दगडी कुत्र्यावर पाय ठेवून झोपला होता. त्याला नाक नव्हतं. काकांनी त्याच्यासमोर हात जोडले.

बाहेर आलो तर भिंतीजवळची जागा रिकामी. येताना नसलेली एक बाई आता ओसरीतल्या टेबलामागे उभी होती. पप्पांनी तिला रिकामी जागा दाखवली.

"ते तपकिरी?" ती आनंदाने म्हणाली. "ते तर लगेच गेले! छताच्या दुरुस्तीसाठी विक्री आहे ना आमची."

म्हणजे ती रांग विकायला मांडलेली होती. आईला फस्सकन हसू आलं. मग तिने पप्पांचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. आईचे सँडल, माझे स्नीकर्स जागेवर होते. काकांचे बूटही होते. ते कुणीच घेतले नव्हते.

समोरच्या हिरवळीवर तंबूत चहा चालला होता. तिथे लाल स्वेटर घातलेले एक आजोबा खुर्चीवर बसून पाय डावी-उजवीकडे वळवून बघत होते. शेजारी त्यांचे चिखलाचे गमबूट. पायात पप्पांचे बूट.

"तेच," पप्पा म्हणाले.

"जाऊ दे रे अश्वजित," काका हळूच म्हणाले. "इथे असं तोंडावर विचारत नाहीत. त्यांना किती ऑकवर्ड होईल! गाडीत माझ्या स्लीपर्स आहेत, त्या घाल."

"स्लीपर घालून शाळेत जातील का हे?" आई म्हणाली.

"वहिनी, इंग्लिश लोक पायांकडे बघत नाहीत."

पप्पा ओल्या गवतात मोज्यांवर उभे होते. मोजे भिजून काळे झाले होते. हाच माणूस ऑफिसात केसाएवढ्या चुकीसाठी डायरेक्टरशी भांडतो. आता त्यांनी घसा खाकरला, एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. मला ते बघवेना.

"हर्षा, थांब!" काका ओरडले. इंग्लंडमध्ये आल्यापासून ते पहिल्यांदाच इंग्लिश माणसासारखे वागले नाहीत.

मी तंबूत गेले आणि इंग्रजीत स्वच्छ सांगितलं, "तुमच्या पायातले बूट माझ्या पप्पांचे आहेत. चर्चचा मान म्हणून त्यांनी दाराबाहेर काढले होते, विकायला ठेवले नव्हते. ते काढून देता का, प्लीज?"

चहाचे कप हवेत थांबले. हीच ती शांतता असावी. आजोबा स्वेटरपेक्षा लाल झाले. मग खाली वाकून त्यांनी नाड्या सोडल्या.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले, "इतके चकचकीत बूट कोण कशाला टाकून देईल?"

ते स्वतःच मोज्यांवर गवत तुडवत पप्पांपर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी बूट पुढे केले. पप्पांनी ते घेतले. बूट घालून नाड्या बांधायला त्यांनी खूप वेळ लावला.

"बघा काका, मेले नाहीत ते," मी म्हणाले.

"वाईट वाटलं असेल पण त्यांना," काका म्हणाले.

शाळेत गेलो. अपॉइंटमेंट घेतली की पप्पा मोडत नाहीत. मुलींच्या होस्टेलच्या बाई गोड होत्या, इतक्या गोड की दात शिवशिवावेत. काकांनी त्यांना बुटांची गोष्ट सांगितली, आणि माझ्या वतीने माफीही मागून टाकली.

"काळजी करू नका," बाई हसून म्हणाल्या. "अशा बोलक्या मुली आमच्याकडे पुष्कळ येतात. वर्षभरात छान निवळतात. कधी गप्प राहावं, हे त्या इथे शिकतात."

काकांनी नंदीबैलासारखी मान हलवली. पप्पांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. मग ते उठले.

"थँक्यू मॅडम," ते म्हणाले. "ते आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिकून झालंय."

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं.

परतीच्या बोटीवर पप्पांनी सगळ्यांसाठी कॉफी आणली. काका तोंड पाडून खिडकीतून मागे जाणारा किनारा बघत होते.

"ग्रोनिंगनला आपल्याकडून थेट गाडी आहे का गं?" पप्पांनी विचारलं.

"एकदा बदलावी लागते, पप्पा."

"काय आहे तिथे बघण्यासारखं?" काका खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले.

"उभ्या इमारती, काका," मी म्हणाले.