नदीशी केलेली घासाघीस

भटू आबानं उभा जन्म केळीच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करण्यात घालवला होता आणि त्यात तो सहसा हरला नव्हता. समोरच्यानं भाव काढला की आबा आधी हसायचा, मग टोपी काढून मांडीवर ठेवायचा, मग घरात चहा सांगायचा. चहा येईपर्यंत समोरचा निम्म्यावर आलेला असायचा. जळगावच्या एका संस्थेची पुनम नावाची इंजिनीअर मुलगी त्याच्या ओट्यावर नकाशा पसरून म्हणाली, "आबा, नदीकाठचा तुमचा बांध खालच्या टोकाला साठ पावलं उघडायला हवा," तेव्हाही त्याचा हात सवयीनं टोपीकडेच गेला.

"ताई, तुम्ही साठ मांगतस. मी पंधरा देसू. पटनं ते बठा, नही ते चहा पिसन जा."

पुनम बसली. चहा दोनदा झाला, नकाशाच्या कोपऱ्यावर बशीचा गोल डाग पडला आणि सौदा विसावर ठरला. वर आबानं एक अट घातली. एकच पूर बघायचा. त्या पुरात त्याची केळी आडवी झाली, तर दुसऱ्या दिवशी जेसीबी आणून बांध होता तसा करायचा आणि मग कुणी आडवं यायचं नाही. पुनमनं मान डोलावली, कारण विसापेक्षा शून्य वाईट. नदीशी भाव ठरवणारा माणूस त्या पंचक्रोशीत हा एकच निघाला, आणि नदीला कुणी विचारलं नव्हतं हा भाग वेगळा.

मोरवड नदी सातपुड्यातून उतरते आणि पुढं तापीला मिळते. अलीकडचा काठ जळगाव जिल्ह्यात, पलीकडचा धुळ्यात. आबाच्या वडिलांची शेती दोन्ही काठांवर होती. वाटणीत हा काठ थोरल्या भटूकडे आला आणि तो धाकट्या झुलालकडे गेला. दोघांची घरंही आपापल्या काठावरच्या गावात झाली. जायला यायला वरच्या अंगाला रस्त्याचा उंच पूल होता.

पुढं कधीतरी नदी खोल करायची हवा आली. यंत्रं लागली, पात्रातले गोटे निघाले, वाळू निघाली, वाकडी नदी पट्टीनं आखल्यासारखी सरळ झाली. टाळ्याही पडल्या. त्या निघालेल्या मातीगोट्यांचा आबानं काठानं उंच बांध घातला आणि पूर्वी पुराचं पाणी जिथं पसरायचं ती तीन एकर खोलगट जमीन केळीखाली आणली. केळी अशी आली की घड बघायला लोक लांबून यायचे. पण इकडं पसरणारं पाणी कुठंतरी जाणारच होतं. ते पलीकडं गेलं. झुलालच्या काठावरचं निंबाचं झाड गेलं, मोटारीची खोली गेली, मग पुरापुरानं दीड एकर वावर गेलं.

झुलाल सांगायला आला होता. आबा त्याला म्हणाला होता, "मी काय नदीले तुनाकडे धाडं का?"

त्या वर्षापासून झुलालनं आपली कानबाई वेगळी मांडली. खानदेशात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तिच्यासाठी सारी भाऊबंदकी एका घरात जमते, प्रसादाच्या एकाच रोटाचा घास खाते आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर विसर्जनाला नेते. एका कुळाची कानबाई एक. ती वेगळी मांडणं म्हणजे तू माझा कुणी नाहीस, हे देवीला साक्ष ठेवून सांगणं. आबानं ते मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं तरी.

त्यामुळं बांध उघडायला तो भावासाठी तयार झाला असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. तो तयार झाला विहिरीसाठी. खोल केलेल्या नदीतून पाणी आलं तसं पळून जायचं, जमिनीत मुरायला थांबायचंच नाही. बागेच्या कडेची जुनी विहीर कोरडी पडून बरीच वर्षं झाली होती आणि बोअर दरवर्षी खाली खाली चालली होती. पुनम म्हणाली होती, नदीला तिचे गोटे परत द्या, पसरायला जागा द्या, ती थांबेल, मुरेल, विहीर भरेल. आबाला त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला.

उन्हाळ्यात काम झालं. पात्रात मोठे गोटे पुन्हा आडवेतिडवे बसले. काठाला वाळा, निरगुडी, बांबू, करंज लागले. बांध खालच्या टोकाला वीस पावलं उघडला. "पाणी वरून घुसणार नाही," पुनम म्हणाली. "खालच्या तोंडानं मागं मागं येईल, हळू." आबा घरी येऊन बायकोला, पुष्पाबाईला म्हणाला, पोरगी चांगली आहे, पण पाणी उलटं चालतं म्हणते. पुष्पाबाई म्हणाली, तुमच्या घरात बत्तीस वर्षं काढली, आता काहीही उलटं चालू शकतं.

आणि मग कानबाईचा सोमवार आला. ऊन स्वच्छ पडलं होतं, आभाळात ढगाचं नाव नव्हतं. पण रविवारभर डोंगरात काळं दिसत होतं. पुष्पाबाईनं कानबाईचा चौरंग डोक्यावर घेतला, बायका गाणी म्हणत निघाल्या, मागं वाजंत्री. खास आमंत्रण होतं म्हणून पुनमही आली होती, ओच्यात फुलं घेऊन. सगळे नदीवर पोचले तेव्हा पलीकडच्या काठावर दुसरं वाजंत्री वाजत होतं. झुलालची बायको मंजुळाबाई डोक्यावर चौरंग घेऊन उभी होती, बाजूला पांढऱ्या टोपीतला झुलाल. मधे नदी, डबकी सोडली तर कोरडी. एका कुळाच्या दोन कानबाया समोरासमोर उभ्या होत्या आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं न बघण्याची कसरत करत होती.

आधी पाखरं उठली. वरच्या अंगाचे सगळे बगळे एकदम हवेत गेले. मग ओल्या मातीचा वास आला, आणि मग वळणावरून पाणी आलं.

आबानं त्या नदीचे पूर काही कमी पाहिले नव्हते. सरळ केलेल्या नदीत पाणी भिंतीसारखं यायचं आणि धडकायचं. आज ते तसं आलं नाही. गोट्यांपाशी आलं, फुटलं, एका गोट्याला डावीकडून वळसा, दुसऱ्याला उजवीकडून, आणि बघता बघता सरळ पात्रात एक वाकडी नदी वाहायला लागली. हीच ती. आबाच्या लहानपणी या नदीला अशीच वळणं होती, याच जागी. इतकी वर्षं यंत्रानं पुसली तरी नदी तिची चाल विसरली नव्हती. आबाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

पाणी चढत गेलं. आबा पळत बांधाच्या खालच्या टोकाला गेला. उघड्या तोंडातून पाणी आत येत होतं, खरंच मागं मागं, चढाकडं तोंड करून. आवाज नव्हता. केळीच्या दोन ओळींमधून ते सरकत होतं, वाळकी पानं अलगद उचलत होतं. लग्नघरी उशिरा आलेला पाहुणा चपला दाराशी काढून गुपचूप मागं बसतो, तसं ते बागेत येऊन बसलं. एक झाड हललं नाही. बांधाच्या बाहेर नदी गर्जत होती आणि आत हातभर पाण्यात केळीची सावली पडली होती. आबा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

एवढ्यात पलीकडून किंकाळी आली.

झुलालच्या काठाची एक दरड ढासळली होती. बायका मागं पळाल्या होत्या, मंजुळाबाई चौरंग सांभाळत कशीबशी उभी होती. त्या काठामागं झुलालचं उरलेलं वावर आणि वावरामागं वस्तीची खालची गल्ली. पाणी काठाच्या कडेला आलं होतं आणि अजून चढत होतं.

पुनम धावत आली. तिनं दोन्ही काठ पाहिले, मग आबाकडं पाहिलं. साठ मागितले होते, वीस दिले होते. उरलेली चाळीस पावलं पाणी समोरच्या काठातून वसूल करत होतं. आबानं व्यापाऱ्याला भावात मारावं तसं नदीला मारलं होतं आणि बिल झुलालच्या नावावर फाडलं होतं. हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं.

त्यानं बागेकडं पाहिलं. घड भरले होते, कापणी तोंडावर आली होती. बांध आता आणखी फोडला तर पाणी पाहुण्यासारखं येणार नव्हतं.

"पुष्पे, पावडं दे," तो म्हणाला.

मागोमाग आलेल्या पुष्पाबाईनं चौरंग चुलत जावेच्या हातात दिला, बागेतल्या झोपडीतून फावडं आणलं आणि देताना केळीच्या घडांकडं बघून एवढंच म्हणाली, "केयी जाई."

"जाऊ दे."

"आबा, कडेला उभे राहू नका," पुनम म्हणाली. "वरून नुसती चर पाडा आणि मागं या. बाकीचं पाणी करेल."

आबानं उघड्या तोंडापासून थोडं वर, बांधाच्या माथ्यावर घाव घातला. माती स्वतःच्या हातानं रचलेली होती, ती सहज सुटली. वीतभर रुंदीची चर पडली. तो मागं सरला. पाण्याचा बोटभर ओघळ चरीतून आत आला, मुलानं पाटात सोडावा तेवढा. मग ओघळाच्या दोन्ही कडा विरघळायला लागल्या. मग बैलगाडी जाईल एवढं तोंड झालं, मग ट्रक जाईल एवढं, आणि मग उघड्या तोंडापर्यंतचा सगळा बांध एकाच वेळी खाली बसला आणि नदी आत आली.

खालच्या सव्वा एकरातली केळी ओळीनं आडवी झाली. भरल्या घडांसकट झाडं पाण्यात पडताना जो आवाज येतो तो आबानं पुढं कुणाला सांगितला नाही. पण पाणी तेवढ्यावर थांबलं नाही. ते वरच्या झाडांत शिरलं, तिथं त्याचा जोर मोडला, ते करंजांत गेलं, बांबूत गेलं, पडीक गवतात गेलं, पसरत पसरत पार पाऊलवाटेपर्यंत गेलं. आणि नदीचा आवाज उतरला. गर्जना होती तिची नुसती खळखळ झाली. पलीकडच्या काठावर ओली रेघ दिसायला लागली, वीतभर, मग हातभर. एवढी मोठी नदी, आणि तिला हवी होती ती फक्त पाय पसरायला जागा.

मग विहीर बोलली. बागेच्या कडेच्या कोरड्या विहिरीतून आधी एक सुस्कारा आला आणि मग गुडगुड आवाज. आबा आणि पुनम दोघंही वाकून बघायला लागली. तळाच्या गोट्यांमधून बुडबुडे फुटत होते. जमिनीच्या पोटातली हवा बाहेर येत होती आणि तिच्या जागी नदी खाली उतरत होती. पुनमनं तोंडावर हात ठेवला. हे असं होतं, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, पण ऐकलं कधी नव्हतं. आबानं टोपी काढली. या वेळी भाव करायला नव्हे.

पलीकडं आता कुणीच नव्हतं. झुलालची माणसं कानबाई घेऊन परतली असावीत. त्यांच्या काठाला दरड पडून सरळ कडा झाला होता, आणि खाली ओढ. तिथं देवी पाण्यात कशी नेणार. आबाला वाटलं, या माझ्या बांधानं त्याची कानबाईसुद्धा पाण्यावाचून परत पाठवली. तो शेताच्या धुऱ्यावर खाली मान घालून बसला.

बऱ्याच वेळानं पुलाकडच्या रस्त्यानं वाजंत्री ऐकू आलं. सगळ्यांनी माना वळवल्या. चिखल तुडवत मंडळी येत होती. पुढं झुलाल, मागं डोक्यावर चौरंग घेतलेली मंजुळाबाई. पाण्याच्या कडेला येऊन झुलाल थांबला. इतक्या वर्षांनी तो त्या वावरात पाय ठेवत होता, किंवा ठेवू की नको अशा बेतात होता.

"भाऊ, आम्हना काठले पाय ठेवाले जागा नही," तो म्हणाला. "नदी फक्त आठेच शांत शे." त्यानं पायाशी पसरलेल्या पाण्याकडं बोट केलं.

आबा उठला. झुलालची नजर मात्र पाण्यातल्या आडव्या केळींवर होती. काय घडलं ते त्यानं पलीकडून पाहिलं होतं. आबाची अटही दोन्ही जिल्ह्यांत ठाऊक होती. त्यानं घसा साफ केला.

"इतल्या केयी गयात. आते बांध परत घालशी?"

आबानं त्या सगळ्या पसरलेल्या पाण्याकडं पाहिलं. उन्हात ते पाऊलवाटेपर्यंत चमकत होतं, मधे उरलेली केळी उभी होती, एक बगळा तिथं आधीच येऊन मासे शोधत होता.

"आठे नदी शे, झुलाल," तो म्हणाला. "नदीमा कोन बांध घालस?"

झुलालनं वाकून चपला काढल्या, पाण्यात दोन पावलं टाकून तळ चाचपला, आणि मागं वळून मंजुळाबाईला खाली यायला हात दिला. पुष्पाबाई आपला चौरंग घेऊन आधीच पाण्यात उभी होती. ती थोडी बाजूला सरकली आणि तिच्या शेजारी मंजुळाबाईला जागा झाली.