पथक येणार आहे

सुलेखानं मुलाखतीसाठी शुक्रवार मागून घेतला, तो उगाच नाही. गल्लीत पाणी यायचं गुरुवारी. आठवड्यातून एकदा, दुपारी, तासभर. जायकवाडी धरणाचा तळ दिसायला लागल्यापासून लोक साखरपुड्याची तारीखसुद्धा नळाचा वार टाळून धरत होते, तिथं मुलाखतीची काय कथा! म्हणून तिनं मुलाखत घेणाऱ्या फ्रान्सच्या बाईंना अदबीनं लिहिलं, शुक्रवारी साडेतीन सोयीचं पडेल. बाई हो म्हणाल्या.

मुलाखत साधी नव्हती. आंतरराष्ट्रीय व्यापारातली मास्टर्स, पहिलं वर्ष फ्रान्समध्ये, दुसरं जर्मनीत आणि शेवटी दोन्हीकडची मिळून दोन डिग्र्या. तीन वर्षं वाळूजच्या कारखान्यात डिस्पॅचला बसून सुलेखानं परदेशी जाणाऱ्या खोक्यांवर पत्ते चिकटवले होते. खोकी जातात तर आपण का नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. लेखी परीक्षा झाली, स्कॉलरशिपचं जमलं, आता लॅपटॉपसमोरचा अर्धा तास तेवढा राहिला होता.

"दोन डिग्र्या?" समोरच्या वच्छलाकाकू म्हणाल्या होत्या. "गुलमंडीवर साड्यांचं असतंय तसं हाय का? एकावर एक फ्री?"

शुक्रवारी दुपारी अडीचला पाणी सोडणारा रामकिसन मोटरसायकलवरून गल्लीत आला आणि कुणी विचारायच्या आत ओरडला, "काल मेन लाइन फुटली व्हती. तुमचं पाणी आज सोडतो. साडेतीनला!"

सुलेखानं धावत जाऊन घड्याळ बघितलं. त्याचं कारण नवख्या माणसाला सांगायला हवं. इथला पाइप टाकला तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती आणि घरं होती वीस. वाळूजच्या नोकऱ्यांनी माणसं आणली, माणसांनी मजले चढवले, पाइप मात्र तेवढाच राहिला. मग ज्याला परवडलं त्यानं नळालाच मोटर जोडली. पाणी आलं की चौदा मोटरी एकदम घुरघुरायच्या, पंखे मंदावायचे, दिवे लाल पडायचे आणि पाच मिनिटांत डीपीचा फ्यूज उडायचा; कुणी तो बसवला की मोटरी पुन्हा चालू. लाइट गेली की नेट गेलं. घरात मोबाइलला रेंज नव्हती आणि नेट कॅफेत शेजारी पोरं गोळीबाराचे गेम खेळत बसायची. आणि बाबांनो, माझी मुलाखत आहे, आज मोटरी लावू नका, असं आठवडाभर वाट बघितलेल्या गल्लीला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेही कुठं होतं म्हणा!

खोटं रचायला अक्कल लागते आणि पसरवायला वच्छलाकाकू लागतात. सुलेखाकडे पहिली होती, दुसऱ्या समोरच राहत होत्या.

"काकू, तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका. आज पथक यायलंय. नळाला मोटर दिसली की महापालिका जप्त करणार."

"अगं बया! मी कशाला कुणाला सांगती?" काकू म्हणाल्या आणि त्यांनी चपला घातल्या.

पंधरा मिनिटांत गल्लीचं रूप पालटलं. एक मोटर गव्हाच्या कोठीत गेली, एक रिकाम्या पाळण्यात निजली. काकूंनी आपली मोटर पलंगावर ठेवली, शेजारी नवऱ्याला, म्हणजे सर्जेरावांना, झोपवलं आणि दोघांवर गोधडी घातली. ऐन मे महिन्यात.

शेवटी सुलेखाची आई लीलाबाई धापा टाकत आत आली. "सुलेखा, पथक यायलंय म्हणं! बाबांची मोटर कुठं दडवू?" तिच्या बाबांची, पुंडलिकरावांची मोटर दीड हॉर्सची, गल्लीत सगळ्यात दांडगी. आईलाही खरं सांगायची सोय नव्हती. सुलेखानं मोटर आपल्याच टेबलाखाली ढकलली आणि वर ओढणी टाकली.

साडेतीनला पंखा भर वेगानं फिरत होता. पडद्यावर लाल चष्म्याच्या फ्रेंच बाई आल्या, शेजारच्या चौकोनात जर्मनीचे प्राध्यापक. पहिले प्रश्न चांगले गेले. मग प्राध्यापकांनी विचारलं, "समजा, पुरवठ्याच्या साखळीच्या शेवटच्या टोकाला माल पोहोचतच नाही. तुम्ही काय कराल?"

या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ होतं. गोदाम, मागणीचा अंदाज, वाहतुकीचा पर्याय, सगळं ओळीनं तोंडावर होतं. ती निम्म्यात आली आणि गल्लीच्या टोकाकडून आरोळी ऐकू आली.

"आलं! माझ्या नळाला आलं गं बायांनो!"

मनकर्णामावशींचं घर गल्लीत शेवटचं. चार वर्षं त्यांच्या नळातून नुसती हवा यायची. शेवटी त्यांनी त्याला लसणाची पिशवी टांगली होती. दर पाण्याला त्या लीलाबाईंकडे यायच्या, दोन हंडे भरून घ्यायच्या आणि जाताना म्हणायच्या, "तुमच्यामुळं भागतंय माय. लेकीचं भलं होवो."

दार ढकललं गेलं. कमरेवर हंडा, लुगडं चिंब. मावशी कॅमेऱ्यासमोरून सरळ आत आल्या.

"आज तुमच्या टाकीत चढलं नसंल, मोटर नाय म्हणून. हे घ्या. दुसरा हंडा आणती." त्यांनी हंडा खाली ठेवला, पडद्याकडे बघून "जय भीम" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

"हे काय होतं?" प्राध्यापकांनी विचारलं.

सुलेखाच्या पायाला मोटरचं गार लोखंड लागत होतं. आणि तिला एकदम कळलं. चार वर्षं आई ज्या दोन हंड्यांचं पुण्य घेत होती ते पाणी मुळात मावशींचंच होतं. या दीड हॉर्सनं वाटेतच ओढलेलं. तिला इतकी लाज वाटली की कान तापले. शेजारीण होती, माफ करा, एवढं म्हणून पुढं सरकता आलं असतं. पाठ केलेलं उत्तर जिभेवर उभंच होतं.

तिनं ते गिळलं आणि सगळं सांगून टाकलं. पाइप, चौदा मोटरी, फ्यूज, पथकाची थाप. "मी हे त्यांच्यासाठी केलं नाही, माझ्या मुलाखतीसाठी केलं," ती म्हणाली. "शेवटच्या टोकाला माल का पोहोचत नव्हता ते मला आत्ता कळलं. कारण माझ्या टेबलाखाली आहे." आणि तिनं ओढणी बाजूला करून लॅपटॉप खाली वाकवला.

बाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही खोटं बोललात, हे शेजाऱ्यांना सांगणार?" बाईंनी विचारलं.

"आजच," सुलेखा म्हणाली. मग राहवलं नाही म्हणून, "पण आधी मावशींचं भरून होऊ द्या."

संध्याकाळी तिनं सांगितलं आणि गल्ली पेटली. सगळ्यात जास्त सर्जेराव. तासभर गोधडीखाली मोटरीला मिठी मारून उकडलेल्या माणसाचा राग रास्तच म्हणायचा. काकूंचं दुःख वेगळं होतं. आपण पसरवलेली बातमी खोटी निघाली, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. पुंडलिकराव शिफ्टवरून आले आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसले.

मनकर्णामावशी सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाल्या, "पथक नाय आलं, पाणी आलं. तुम्हाला कोण पाह्यजे व्हतं?"

वचन कुणी दिलं नाही. जो तो आपापल्या घरी गेला.

पुढच्या गुरुवारी सकाळी मेल आली. निवड झाली होती. सुलेखानं आईला मिठी मारली आणि दोघी रडल्या. पण दुपार झाली तसे तिचे कान गल्लीकडे लागले. पहिली मोटर कुणाची घुरघुरते, एवढंच ऐकायचं होतं. एकानं लावली की चौदाही लागणार.

तीन वाजता वच्छलाकाकू दारात आल्या. इकडे तिकडे बघून आवाज खाली केला.

"लीलाबाई, तुम्हाला म्हणून सांगती, कुणाला बोलू नका. आज पथक यायलंय."

"अगं बया!" लीलाबाईंनी छातीवर हात ठेवला. काकू पुढच्या दाराकडे वळल्या. कुठं कोठीचं झाकण वाजलं, कुठं पाळणा करकरला.

पुंडलिकराव उठले. नळाची मोटर सोडवून त्यांनी ती सुलेखाच्या टेबलाखाली आणून ठेवली, वर ओढणी नीट पसरली आणि रिकामे हंडे उचलले.

"खरंच यायलंय का गं पथक?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय बाबा," सुलेखा म्हणाली. "दर पाण्याला."