बत्तीस मिनिटांत उरकलेला पाचवा अल्बम

पुरवणीचं पान पाच वाजता छपाईला सोडायचं होतं आणि सहापैकी पाचवा अल्बम मी ऐकलेलाच नव्हता. हिप-हॉपमध्ये नाना खटपटी करणारा हा गट बहीण-भावाचा. ताई रॅप लिहायच्या आणि म्हणायच्या. धाकटा भाऊ दाराच्या बिजागऱ्या, लिफ्ट, प्रिंटर अशांच्या आवाजांतून ताल बांधायचा, म्हणून त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्यांच्या सहाही अल्बमांची क्रमवारी आणि परीक्षण हे काम मीच संपादकांकडून मागून घेतलं होतं.

मुलाखती उतरवून घ्यायला माझ्या फोनवर एक ॲप आहे. त्यात वेग वाढवता येतो आणि तरी आवाज चिरका होत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांचा अल्बम मी दीडपट वेगाने बत्तीस मिनिटांत उरकला आणि लिहिलं: 'इथे ताईंना कसली घाई झाली आहे कळत नाही. शब्दाला बूड टेकायला जागा नाही.' क्रमांक सहावा, म्हणजे शेवटचा. पान वेळेत गेलं.

सात महिन्यांनी ताईंचा फोन आला. नवा अल्बम दुसऱ्या दिवशी कंपनीकडे द्यायचा होता, त्याआधी मी एकदा ऐकावा.

स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घरातली मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या.

"या हेडमास्तर," मिस्त्री म्हणाला. "यंदा तरी पास करा."

"गप रे." ताईंनी खुर्चीवरच्या वायरी उचलल्या. "बसा तुम्ही. आधी राग आला होता तुमचा. मग म्हटलं, माणूस उगाच कशाला लिहील?"

गाणं सुरू झालं. एक ओळ, मग मोकळी जागा. ती इतकी लांबली की यंत्र बंद पडलं की काय, म्हणून मी वळून पाहिलं. अंधारात पायरी चाचपत उतरावं तशा ताई एकेक शब्द म्हणत होत्या. दुसरं गाणंही तसंच. तिसरंही.

"टेकले का शब्द?" ताईंनी विचारलं.

"टेकले कसले, झोपले," मिस्त्री म्हणाला. "आठ गाणी तयार होती हिची. तुमचं वाचून सगळी मोडली आणि पुन्हा हळू केली. मी सांगून थकलो."

"जुनी पुसली नाहीत ना?"

"आहेत माझ्याकडे. का?"

जुनीच द्या, ती जास्त जिवंत असतील, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणाला काही कळलं नसतं, वर माझंच मन मोठं ठरलं असतं. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण मी सांगेन ते उतरवून घ्यायला ताई वही उघडून बसल्या होत्या.

"पाचवा अल्बम मी दीडपट वेगाने ऐकला होता," मी म्हणालो. "पान सोडायचं होतं. घाई माझी होती."

मिस्त्री हसला आणि मध्येच थांबला. ताईंनी पेनाला टोपण लावलं.

"पुरता तरी ऐकलात?"

"हो."

"बरं." त्या भावाकडे वळल्या. "पाचवा लाव रे."

अठ्ठेचाळीस मिनिटं मी फरशीकडे बघत ऐकलं. तिसऱ्या गाण्यात ताई ओळ अर्धी सोडतात आणि बिजागरीची करकर ती पुरी करते. हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. संपल्यावर मी क्रमवारी बदलण्याबद्दल बोलू लागलो.

"क्रमांक राहू द्या," ताई म्हणाल्या. "झालं काय ते छापा. आता निघा, आम्हाला जुनी गाणी काढायची आहेत."

संपादकांनी माझा खुलासा दोनदा वाचला. "'तांत्रिक कारणामुळे' असं करू या. दीडपट-बिडपट कशाला?"

मी नको म्हणालो. आठव्या पानाच्या तळाला चार ओळी आल्या, दीडपटीसकट. ताईंना कात्रण पाठवलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या महिन्यात ताईंनी नवा अल्बम परीक्षणासाठी कचेरीत पाठवला, तो आमच्या क्रीडा बातमीदाराच्या नावाने.

"हे चुकून माझ्याकडे आलंय बहुतेक," तो म्हणाला आणि पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

"चुकून नाही," मी म्हणालो आणि ते त्याला परत दिलं.