सोबतचा माणूस

माझ्या दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन करायचं तर एक नियम आहे. एकटा आलेला पेशंट परत जातो. ओळख सांगा, कुणाची चिठ्ठी आणा, काही उपयोग नाही. मी डोळे तपासतो, मोतीबिंदू आहे म्हणून सांगतो आणि लगेच विचारतो, "सोबत माणूस कोण?" माणूस म्हणजे घरचा. शेजारी चालत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याला हमखास काम निघतं. ड्रायव्हर तर मुळीच चालत नाही. तो पेशंटला दारात उतरवतो आणि गाडी वळवतो.

लोणावळ्यात लोक मला तिरसट म्हणतात. म्हणोत बापडे. पुण्याच्या सरकारी कॉलेजातून एम. एस. होऊन मी इथं आलो तेव्हा मोतीबिंदूला टाके पडायचे आणि म्हातारी माणसं डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजून राहायची. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर मी शाळांच्या वर्गांत शिबिरं घेतली आहेत. पुढे टाके गेले, मशीन आलं. आता भिंग घडी घालून आत सोडतो आणि पेशंट थोड्या वेळात उठून चहा मागतो. सगळं बदललं, थेंब तेवढे तसेच राहिले. ऑपरेशननंतर महिनाभर ते वेळेवर डोळ्यात पडावे लागतात, आणि थरथरत्या हातांनी स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकायला गेलं की तो गालावर पडतो. म्हणून माणूस हवा.

सावित्राबाई कुसगावच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत राहते. दोन्ही डोळ्यांत पांढरेफटक मोती घेऊन ती एकटीच आली होती.

"माणूस घेऊन या, मावशी," मी म्हणालो.

"कुटनं आणू? मालक गेलं. लेक दिली ती पार घाटाखाली. तिला तिचंच लय हाय."

"ते मला सांगू नका. माणसाशिवाय ऑपरेशन नाही."

ती गेली, पुन्हा आली, पुन्हा एकटीच. मी पुन्हा परत पाठवली. त्यानंतर आली ती भाच्याचा हात धरून. भाचा चाळिशीचा, मिशाळ, आवाजानं दणदणीत. नाव हौशीराम. "मी भाचा हाय मावशीचा. थेंब टाकीन, चुलीपाशी बसू देनार न्हाई. तुमी बिनघोर ऱ्हावा."

मी अमृतकडे विजयानं पाहिलं. अमृत माझा कंपाउंडर. "बघितलंस? माणूस असतोच. जरा ताणून धरलं की निघतो बाहेर." सावित्राबाईचा डोळा छान झाला. पट्टी काढल्यावर तिनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बया, तुमी तर म्हातारं हाये की!"

तिचं खरंच होतं. पुढच्याच वर्षी मला घाटात समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वर्तुळं दिसू लागली. मी दिव्यांना शिव्या दिल्या. वाचायला उजेड पुरेना तेव्हा अमृतकडून दवाखान्यातले सगळे बल्ब बदलून घेतले. मग एके दिवशी ऑपरेशन करताना मायक्रोस्कोपखालची कडा मला धूसर दिसली. ते ऑपरेशन नीट पार पडलं, पण त्यानंतर मी हत्यार हातात घेतलं नाही. लोकांना मशीन बिघडल्याचं सांगितलं आणि तळेगावला वरदकडे गेलो. वरद माझ्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःचा दवाखाना थाटून बसलाय.

"सर, मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. आधी उजवा करू," तो म्हणाला. मला ते ठाऊकच होतं. मग त्यानं मान वर करून विचारलं, "सोबत माणूस कोण?"

मी हसलो. तो हसला नाही.

"सर, तुम्हीच शिकवलंय. घरचा माणूस. त्याच्याशिवाय मी टेबलावर घेणार नाही."

घरी परतताना मी घरच्या माणसांची उजळणी केली. ती लवकर संपली. मुलगी ऋचा कॅनडात. तिला कळवलं असतं तर ती रजा, तिकीट, मुलांची शाळा सगळं उलटंपालटं करून आली असती आणि पंधरा दिवस माझ्याकडे काळजीनं बघत बसली असती. अमृतला सांगितलं असतं तर डोळ्यांच्या डॉक्टरलाच मोतीबिंदू झाल्याचं संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. तुंगार्लीतले माझे शेजारी म्हणजे कुलूपबंद बंगले. शनिवारी तिथं पर्यटक उतरतात, गाणी लावतात, सोमवारी पुन्हा कुलपं. आणि प्रमोदिनी जाऊन चार वर्षं झाली.

प्रमोदिनी, माझी बायको, असती तर हा प्रश्नच आला नसता. तिनं मला कधीच पकडलं होतं. जाण्याच्या आदल्या वर्षी तिनं दिवाणखान्याला नवे पडदे आणले. मी म्हणालो, "असला मळकट राखाडी रंग कुठून शोधलास?" ती म्हणाली, "अहो, निळे आहेत ते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदा डोळे तपासून घ्यावेत." त्यावरून आमचं चांगलं वाजलं. मी रोज म्हणायचो राखाडी, ती रोज म्हणायची निळे. ती गेली आणि पडदे राखाडीच राहिले. सांगायला लाज कशाची, त्या घरात संध्याकाळी दिवा लावायलाही मला नकोसं होतं. ऑपरेशन करत होतो तोवर निदान दिवस तरी जायचा. आता तेही हातातून गेलं होतं.

शेवटी मी अमृतला परिषदेला जातोय असं सांगितलं आणि तळेगावसाठी भाड्याची जीप बोलावली. दारात जीप थांबली, ड्रायव्हर उतरला. मिशाळ, दणदणीत आवाजाचा.

"तू सावित्राबाईचा भाचा ना?"

हौशीराम कानाची पाळी चोळत उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, कुनाकुनाचा म्हनून सांगू? वाडीवरच्या म्हाताऱ्या जीपमदी चढल्या की इचारत्यात, आज भाचा हुशील का रं? तुमी माणसाबिगर घेत न्हाई. मग काय करनार? बाकीच्यांच्या बारीला मी बाहीरच बसायचो, तुमच्या म्होरं आलो न्हाई."

"आणि थेंब?"

"ते म्या टाकलं की. रोजची फेरी हाय वर. गाडी उभी करायची, थेंब टाकायचं, निघायचं."

मी जीपमध्ये बसलो. इतकी वर्षं ज्या नियमाचा तोरा मिरवला, त्यात ह्या पठ्ठ्यानं मला चक्क मामा बनवलं होतं. रागानं माझे कान तापले. कामशेत मागे पडलं. मग राग ओसरला आणि मागे दुसरंच काही उरलं. ज्यांना विचारायला जीपचा ड्रायव्हर होता, त्या म्हाताऱ्याही माझ्यापेक्षा बऱ्या होत्या. त्यांनी निदान विचारलं तरी होतं.

"हौशीराम," मी म्हणालो, "तिथं मला माणूस लागणार आहे."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. 

वरदच्या दवाखान्यात काउंटरवरच्या रेणुका नावाच्या मुलीनं विचारलं, "सोबत कोण आहे, सर?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या.

"मी हाय. भाचा. हे माझं मामा," हौशीराम म्हणाला. मग माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि बाकावर ऐसपैस बसला.

हिरव्या कापडाखाली मी पहिल्यांदाच निजलो. वरद माझीच वाक्यं माझ्या डोळ्यावर म्हणत होता. उजेडाकडे बघा. हलू नका. छान. हजारो लोकांना मी ही वाक्यं ऐकवली, पण त्या कापडाखाली माणूस किती एकटा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळा वेळ बाहेरच्या बाकाचा विचार करत होतो. तो बसला असेल ना? की गाडी वळवली?

तो बसला होता. मला घरी आणलं, रात्री दिवाणखान्यात सतरंजी टाकून झोपला आणि सकाळी पुन्हा तळेगावला नेलं. वरदनं पट्टी काढली, तपासलं, मान हलवली. "भाचा चांगला आहे हो, सर. कधी बोलला नाहीत." मी हं म्हणालो.

तुंगार्लीला परतलो. हौशीराम पिशवीतून थेंबांची बाटली काढत होता. मी दिवाणखान्याच्या दारातच थांबलो. खिडकीतून ऊन येत होतं. मी डावा डोळा झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"हौशीराम, ह्या पडद्यांचा रंग कोणता?"

"निळा की."

"नीट बघून सांग."

"निळाच हाय. चांगला निळाशार." तो माझ्याकडे चमत्कारिक बघायला लागला. "का ओ?"

मी खुर्चीत बसलो. भांडण चार वर्षांपूर्वीच संपलं होतं आणि मी हरलो होतो, आणि हे जिला सांगायचं ती घरात नव्हती. वरदनं डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलं होतं. मीही सगळ्यांना तेच बजावतो.

"मामा, मान वर करा," हौशीराम बाटली घेऊन जवळ आला. इथं काउंटर नव्हता, ऐकायला कुणी नव्हतं, तरी तो मामाच म्हणाला. "डोळं कशापायी भरलं? दुखतंय व्हय?"

"नाही. ती म्हणत होती, निळे आहेत म्हणून."

"कोन?"

मी मान वर केली.

"तुझी मामी," मी म्हणालो.