ती बोलली की शिलाई थांबे

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला जप्त करण्यात आलं. पोलिसांनी माझी वायर गुंडाळली, हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि मला जीपच्या मागच्या बाजूला ठेवलं.

मित्रांनो, मी एक जुना टेप-रेकॉर्डर आहे. दोन कॅसेटींचा. माझ्यात रेडिओ नाही, पण समोरचं ऐकून टिपून घेणारा माइक आहे. एका शिंप्याच्या दुकानात, शिलाई मशीनच्या शेजारच्या फळीवर, मी सव्वीस वर्षं काढली. या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत.

मास्तरांच्या पत्नी, काकू, नभोवाणी केंद्रावर नाटकांत काम करत. दर रविवारी सकाळी साडेनऊला केंद्रातून नाटक थेट प्रसारित होई. मास्तर मला रेडिओसमोर ठेवत, लाल बटण दाबत आणि पुन्हा कामाला बसत. कपडे वेळेवर द्यायचे असत, त्यामुळे मशीन चालूच राही आणि तिची खडखडही कॅसेटमध्ये उतरे. मात्र काकूंचा आवाज आला की मास्तरांचा पाय पायडलवर थबके. त्यांचं वाक्य संपलं की खडखड पुन्हा सुरू.

दुपारी काकू दुकानात येत आणि काजं करता करता ती कॅसेट ऐकत.

"अहो, नायक बोलायला लागला की बरी मशीन जोरात चालते तुमची!"

"त्याचं ऐकायला त्याची बायको आहे की," मास्तर म्हणत. "मी माझ्या बायकोचं ऐकतो."

"तेवढं घरातही ऐकत जा!"

दुकानात आलेली गिऱ्हाइकं काकूंचं कौतुक करत. कुणी मागितली तर मास्तर माझ्याकडून कॅसेटची प्रत काढून घेत आणि शिवलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात हौसेनं घालून देत. दिलेलं विसरू नये म्हणून मापांच्या वहीत नोंद करत : छाती छत्तीस, बाही बावीस, कॅसेट सात.

दोन वर्षांपूर्वी काकू वारल्या. त्यानंतर मास्तर रोज दुकान उघडलं की आधी एक कॅसेट लावत, मगच सुईत दोरा ओवत. मी तेव्हा थकलो होतो. माझा पट्टा सैल झाला होता, आवाज मधूनच अडखळे. मास्तरांनी शिवणयंत्राचं तेल घालून मला चालतं ठेवलं.

मागच्या वर्षी केंद्राचे एक अधिकारी दुकानात आले. केंद्राचा वर्धापनदिन होता. त्यांनी माझ्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली.

"मास्तर, तुम्ही आमचा ठेवा वाचवलात. आम्ही करंटे! नाटकांच्या फिती पुसून त्यांच्यावरच बातम्या भरल्या. या कॅसेटी दोन दिवसांसाठी द्या."

"दोनच दिवस ना, साहेब? दुसऱ्या कॅसेटी नाहीत माझ्याकडे."

"शब्द देतो. बरं, आणखी कुणाकडे आहेत का हो?"

मास्तरांची छाती फुगली. त्यांनी मापांची वही काढून समोर धरली. तेवीस नावं होती. साहेबांनी ती शांतपणे उतरवून घेतली आणि एकेचाळीस कॅसेटी खोक्यात भरून नेल्या.

दोन दिवसांनी कुणी आलं नाही. पाचव्या आठवड्यात नोटीस आली. घरी स्वतः ऐकण्यासाठी कार्यक्रम टिपला तर केंद्राची हरकत नव्हती. पण त्याच्या प्रती काढून वाटणं, मग त्या फुकट का असेनात, हा केंद्राच्या हक्काचा भंग होता. कॅसेटी पुरावा म्हणून अडकवल्याचं त्यात लिहिलं होतं. मग त्या मंगळवारी पोलीस आले.

"प्रती कुणी काढल्या?" त्यांनी विचारलं.

"मी फक्त बटण दाबलं, साहेब," मास्तर हात जोडून म्हणाले. "बाकी सगळं यानंच केलं."

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सव्वीस वर्षांत मी त्यांचा एक शब्दही गाळला नव्हता. ते वाक्य मात्र मला टिपावंसं वाटलं नाही. भ्यालेल्या माणसावर किती राग धरायचा? आणि रुमालानं धूळ पुसणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा? मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपा. पण ज्यांनी आम्हाला जपलं, त्यांना आधी जपा.

आता मी मुद्देमालाच्या खोलीत, खालून दुसऱ्या फळीवर आहे. बाहेरच्या टेबलावर कारकुनाचा रेडिओ असतो. गेल्या रविवारी साडेनऊला निवेदिका म्हणाली, "ऐकू या, आमच्या केंद्रानं जतन केलेल्या संग्रहातून एक जुनं नाटक."

नायक बोलू लागला. त्याच्या आवाजामागे बारीक खडखड होती.

"रेडिओ बिघडला वाटतं," म्हणत कारकुनानं त्याला एक चापट मारली.

तेवढ्यात काकू बोलल्या आणि खडखड थांबली.

मास्तरांची कोर्टातली तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली आहे. कॅसेटी अजून केंद्रातच आहेत. त्या रविवारी सकाळी साडेनऊला दुकानातला रेडिओ चालू होता की नाही, ते मला अद्याप कळलेलं नाही.